डेअरीतलं मशीन फॅट मोठ्यानं सांगतं. सांगावी का?

गवतीचहा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही दूध संस्थांसाठी संकलनाची यंत्रं करतो. वजनकाटा, दूध तपासणारं यंत्र, पडदा आणि पावतीचा प्रिंटर, सगळं एकमेकांना जोडलेलं. किटली ओतली की लिटर लागतात, नमुना धरला की मिनिटाच्या आत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतात आणि सभासदाच्या नावापुढे नोंद पडते. पडद्यावर काय, कुठे, केवढ्या अक्षरात दिसावं हे ठरवणं माझं काम.

गेल्या वर्षी आमच्या साहेबांना चहाच्या टपरीवर साक्षात्कार झाला. टपरीवरचा डबा "वीस रुपये प्राप्त झाले" म्हणाला आणि साहेब म्हणाले, आपलंही मशीन बोललं पाहिजे. कारण पटण्यासारखं होतं. पहाटे साडेपाचला डेअरीत एकच ट्यूब. निम्म्या म्हाताऱ्यांना पडदा दिसत नाही. आणि सचिव वहीत काय लिहितो याबद्दल गावात कायमची कुजबुज. आकडा मोठ्यानं आला की चार माणसांनी ऐकलेला असतो, मग वहीत दुसरा घालायची सोय राहत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेत पहिलं मशीन बसवलं. त्या सकाळी मी तिथे होतो. पहिली दहा-बारा माणसं कौतुकानं ऐकत होती. मग एक आजी आल्या, सत्तरीच्या. किटलीच्या तोंडाला कडुनिंबाचा पाला लावलेला. मशीन स्वच्छ खणखणीत आवाजात बोललं, "सभासद क्रमांक एकशे बेचाळीस. म्हैस. चार लिटर दोनशे. फॅट पाच पूर्णांक चार."

रांगेतून आवाज आला, "मावशे, म्हस नळाखाली बांधलीस काय?" सगळे हसले. म्हशीच्या दुधाचा दर सहा फॅटला धरतात, त्याच्या खाली गेलं की पैसे कापतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आजींनी माझ्याकडे बघितलं, सचिवाकडे नाही. "समद्या गावाला कशापायी सांगतंय रं ते?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत, नातवाला धाडलं. महिन्यानं गेलो तर स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीचे तीन थर आणि वर पोत्याचा तुकडा. सचिव म्हणाला, "साहेब, आता कसं ऐकू येतंय बघा, माणसागत बोलतंय."

तर प्रश्न असा, की आवाज काढूनच टाकावा, नुसता बीप ठेवावा, की आणखी काही करता येईल? तुमच्या रोजच्या कामात एखादं यंत्र आवाज करतं, तो उपयोगाचा असतो की डोकं उठवतो, हेही लिहा. थेट डेअरीचं नसलं तरी चालेल.

कृष्णाकाठ

धागा आवडला, कारण आमच्या घरी अजून चार म्हशी आहेत.

आधी एक दुरुस्ती. "पाच पूर्णांक चार" शाळेत म्हणतात. डेअरीत "पाच चार लागली" म्हणतात. मशीन पूर्णांक म्हणालं तिथेच ते परकं झालं.

दुसरं, त्या आजींची फॅट का उतरली ते मी इथे बसून सांगतो. धारेचं पहिलं दूध पातळ असतं, शेवटचं दाट. म्हस पान्हा आखडते म्हणून बायका शेवटी रेडकाला सोडतात आणि लोणी सगळं त्याच्या पोटात जातं. त्यात पाण्याचा थेंब नसतो. पण हे मशीनला सांगता येत नाही आणि रांगेला ऐकायचं नसतं.

तरीही माझं मत आवाज ठेवावा असंच आहे. आमच्या लहानपणी काचेच्या नळीत आम्ल घालून ती फिरवायचे आणि सचिव डोळ्याला लावून आकडा सांगायचा. तो म्हणेल ती फॅट. बोलणारं मशीन आल्यावर आमच्या गावात दहा दिवसांच्या बिलावरची भांडणं निम्म्यावर आली. एकीची लाज आणि शंभर जणांचा हिशोब, यात काय मोठं ते तुम्हीच ठरवा.

तीनशिट्ट्या

वाचतेय. पॉपकॉर्न घेतलंय.

डबलबेल

एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो, म्हणून दोन शब्द.

आमच्या गाडीत दोरी असायची, छतालगत मागून पुढे गेलेली, चालकाच्या डोक्यावर घंटा. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. सगळा शब्दकोश एवढाच. चालकाला मान वळवायला फुरसत नाही, डोळे रस्त्यावर, म्हणून त्याच्याशी कानानं बोलायचं. गाडी कितीही भरलेली असो, मी जिथे अडकलो असेन तिथून हात वर केला की दोरी सापडायची.

गंमत अशी, की घंटा चालकासाठी होती पण ती सगळी गाडी वाचायची. एक टोला पडला की पेंगणारा दचकून खिडकीबाहेर बघायचा, माझा फाटा आला का. दोन पडले की दारातली पोरं आत सरकायची. पाठ कुणी केलं नव्हतं. पुढे बटणं आली. आवाज तोच, पण बटण दाराशी. गर्दीत मी मागे अडकलो की प्रवाशांनाच सांगावं लागायचं, "ओ पाव्हणं, जरा दाबा की."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पण टोला थोडक्यात असावा.

उलटा_पाना

माझं स्पष्ट मत: आवाज काढून टाका. देशात आवाज कमी आहेत का?

आमच्या सोसायटीची लिफ्ट जाळीच्या दाराची. दार नीट लागलं नाही की बाई सुरू होतात, "कृपया दरवाजा बंद करें", थांबतच नाहीत. ज्यानं दार उघडं टाकलं तो सातव्या मजल्यावर घरात जाऊन पंखा लावून बसलेला असतो. ऐकतो कोण? तिसऱ्या मजल्यावरचा मी. माझा गुन्हा काय? खाली मोटारी मागे घेताना गाणी वाजवतात, ते वेगळंच. वॉशिंग मशीन धुणं झालं की मैफल करतं. अरे, झालं तर झालं, गप बस ना!

तीनशिट्ट्या

उलटा_पाना, मग कुकरचं काय करायचं? माझा अख्खा संसार शिट्ट्या मोजण्यावर चाललाय. आणि फक्त माझ्या नाही हं. शेजारच्या काकूंच्या चौथ्या शिट्टीला मी इकडे भिंतीवर थाप मारते, कारण त्या टीव्हीसमोर असतात.

वेळ मोजायचं ते यंत्रच नाही खरं तर, वाफ कोंडली की सुटते, बस. तरी "तांदळाला दोन, राजम्याला सहा" हे गणित आईकडून मुलीकडे जातं. नवा विजेचा कुकर घेतला, तो शेवटी एकदाच टुंग करतो. मधल्या वेळात आत काय चाललंय कळत नाही. अस्वस्थ होतं. परत केला नाही, पण वरच्या फळीवर गेलाय.

नाइटड्युटी

आयसीयूत सिस्टर आहे, बारा वर्षं. उलटा_पाना यांची चीड मला समजते, आमच्याकडे ती रोज रात्रभर असते. पण आधी एका चांगल्या आवाजाबद्दल.

बोटाला लावतात तो ऑक्सिजनचा चिमटा तुम्ही कोविडमध्ये पाहिलाय. ऑपरेशन थिएटरमधल्या मोठ्या मॉनिटरवर प्रत्येक ठोक्याला एक बीप येतो आणि ऑक्सिजन उतरू लागला की त्या बीपचा सूरही उतरतो. १९८०च्या दशकात नेलकॉर कंपनीच्या यंत्रांनी हे रूढ केलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे हात आणि डोळे पेशंटवर असतात, कान मॉनिटरवर. सूर जरा ढळला की बोलता बोलता त्यांची मान वळते. आकडा बघून नाही, ऐकून. बरं, अठ्ठ्याण्णव म्हणजे कुठला सूर हे कुणालाही सांगता येणार नाही. सूर *उतरतोय* एवढं कळतं आणि तेवढं पुरतं.

आता दुसरी बाजू. एका बेडला मॉनिटर, व्हेंटिलेटर, दोन-तीन सिरिंज पंप, प्रत्येकाचा आपापला अलार्म. पेशंट कुशीवर वळला तरी वाजतो, इलेक्ट्रोड सुटला तरी वाजतो. दहातले बहुतेक खोटे. काही दिवसांनी कान ते ऐकेनासा होतो, आणि आम्ही आळशी म्हणून नव्हे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ साली याबद्दल रुग्णालयांना सावध केलं होतं. साडेतीन वर्षांत त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटना आल्या होत्या, त्यातल्या ८० मध्ये पेशंट दगावला होता.

यावर उपाय म्हणून २००६च्या आंतरराष्ट्रीय मानकात सुरावटी ठरवल्या होत्या, हृदयाची एक, श्वासाची एक, औषधाची एक. कागदावर छान. प्रत्यक्षात सगळ्या सारख्याच वाटायच्या, पाठ होईनात. मग २०२०च्या दुरुस्तीत मार्ग बदलला. हृदयासाठी धडधड, श्वासासाठी श्वासाचा आवाज, औषधासाठी डबीत गोळ्या खुळखुळल्याचा. त्यामागे ब्रिटनमधल्या ज्युडी एडवर्दी यांचं बरंच काम आहे. गोळ्यांची डबी कुणाला शिकवावी लागत नाही.

गवतीचहा (धागाकर्ता)

सिस्टर, हा प्रतिसाद मी ऑफिसात छापून लावणार आहे. "आकडा नाही, उतरतोय एवढं." माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. फॅट गेल्या आठवड्याच्या मानानं चढली की उतरली, एवढंच सुरानं सांगितलं तर?

कृष्णाकाठ

नका हो. चार दिवसांत अख्ख्या रांगेला सूर पाठ होईल. मग मशीन वाजलं की पोरं तोंडानं "ऊंऽऽऽ" करून खालचा सूर काढतील. आमच्याकडची पोरं तुम्हाला माहीत नाहीत.

गवतीचहा (धागाकर्ता)

😀 मान्य. बाद.

रातराणी

ध्वनिमुद्रणाचं काम करते, ठाण्यात. सुरांवर चर्चा सुरूच आहे, मी जरा लोखंडाबद्दल बोलते.

गवतीचहा, तुमच्या मशीनमध्ये बीप कशातून येतो? नाण्याएवढा काळा पिझो बझर असेल तर तो साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास सगळ्यात जोरात वाजतो. तरुण कान तिथेच जास्त तीक्ष्ण, म्हणून तो आपल्याला टोचतो. पण वय वाढलं की ऐकू येणं वरच्या पट्टीकडून कमी होत येतं. म्हणजे तुमचा बीप सचिवाच्या डोक्यात जाणार आणि ज्या आजींसाठी ठेवलाय त्यांना तो नीट ऐकूच येणार नाही. वर डेअरीला पत्रा असेल तर जूनमध्ये पावसाचा आवाज सगळ्यावर पसरतो. आणखी एक, एकाच शुद्ध सुराचा बीप कुठून आला हे कानाला पटकन कळत नाही. घरात मोबाइल कुठे वाजतोय हे शोधत फिरतो तसं.

उपाय अवघड नाही. खालच्या-मधल्या पट्टीतला आणि ज्यात वरचे बरेच स्वर मिसळलेत असा आवाज घ्या. पितळी ताटावर चमचा मारल्यासारखा. सुरुवात टणक, मग विरत जाणारा. पावसातही कापत जातो, टोचत नाही. स्पीकर मात्र जरा बरा लागेल, त्या नाण्यातून हे निघणार नाही.

लांबी अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवा. दिवसातून दोनशे वेळा ऐकायचा आवाज आणि एकदाच ऐकायचा आवाज यांत फार फरक आहे. संगीतकार ब्रायन ईनोने विंडोज ९५साठी केलेला आवाज सहाएक सेकंदांचा होता, पण तो संगणक उघडताना एकदाच यायचा. तोच प्रत्येक किटलीला वाजवला असता तर सचिवानं पोत्याऐवजी कुऱ्हाड आणली असती.

चिक्की_बडीशेप

दुकानदाराची बाजूही ऐका. किराणा आहे, उपनगरात.

साउंडबॉक्स आला तेव्हा मी देव मानला त्याला. हात तेलाचे, समोर पाच गिऱ्हाइकं, कोण खरंच पैसे पाठवतंय आणि कोण जुना स्क्रीनशॉट दाखवतंय हे बघायला मोबाइल कुठे उघडू? डब्याला स्वतःचं सिम असतं, माझा मोबाइल घरी असला तरी तो बोलतो. दुकानात पोरगा एकटा असला तरी चिंता नाही.

पण एक झालं. आमच्या दुकानाचे मालक वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांना दिवसभर गॅलरीत बसून ऐकायची सवय. सहा महिन्यांनी भाडं वाढवायचा विषय काढला आणि म्हणाले, "धंदा बरा चाललाय तुमचा, कानावर येतं." तेव्हापासून आवाज दोन काड्यांवर ठेवलाय. गिऱ्हाईक कोण ते डबा सांगत नाही, हे बरंय. नाहीतर उधारीवाले दुकानापुढून गेले नसते.

गुरुजी_बूथवर

प्राथमिक शिक्षक. निवडणूक ड्यूटी चुकत नाही, म्हणून एका यंत्राच्या आवाजाशी चांगली ओळख आहे. मतदान यंत्राची ती लांब बीप.

टेबलावर आमच्याकडे कंट्रोल युनिट. आम्ही बटण दाबून मत सोडतो, तिकडे पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदार निळं बटण दाबतो, चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसून खाली पडते, आणि लांब बीप येते. ती ऐकली की खोलीत सगळ्यांचं काम पुढे सरकतं. मतदाराला कळतं झालं, मला कळतं पुढचा घ्या, पक्षांचे पोलिंग एजंट असतात त्यांनाही कळतं की एक मत पडलं. एखादी आजी बटण हलकं दाबून, बीप न येताच बाहेर आली तर तीन जण एकदम म्हणतात, "आजी, आवाज आला नाही, परत जा."

पण बघा, खोलीतल्या प्रत्येकाला *मत पडलं* हे कळतं आणि कुणाला पडलं ते कुणालाच नाही. सगळ्या चिन्हांना एकच बीप आहे. उद्या कमळाला एक आणि हाताला दुसरी ठेवली तर काय होईल कल्पना करा!

गवतीचहा, तुमच्या मशीननं झालं हेही सांगितलं आणि किती तेही सांगितलं. गावाला पहिल्याशी मतलब.

डबलबेल

गुरुजी, साष्टांग.

उलटा_पाना

गुरुजींशी सहमत व्हावं लागतंय, नाइलाज आहे. पण विजेच्या गाड्यांचं काय? इतकी वर्षं आवाजानं कान किटले, आता कुठे शांत गाड्या आल्या तर म्हणे त्यांना मुद्दाम आवाज लावायचा!

पांढरीकाठी

उलटा_पाना साहेब, तो आवाज माझ्यासाठी आहे.

मी पूर्ण अंध आहे. रस्ता ओलांडताना मी गाड्या ऐकतो. पेट्रोलची गाडी चाळीस पावलांवरून सांगते की मी येतेय, कोणत्या बाजूनं, वेग वाढवतेय की कमी करतेय. विजेची स्कूटर माझ्या काठीला घासून गेली तेव्हा कळलं. युरोपात २०२१च्या जुलैपासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला ताशी २० किलोमीटरपर्यंत आवाज करावाच लागतो. त्यावर गेली की टायरचाच आवाज पुरतो. किमान ५६ डेसिबल, कमाल ७५. म्हणजे साधारण बोलण्याइतका, तुमच्या सोसायटीतल्या रिव्हर्सच्या गाण्याइतका नव्हे.

आता धाग्याबद्दल. माझा सगळा मोबाइल बोलतो, टॉकबॅकवर. संगणकावर पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए आहे, दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केलेलं, फुकट मिळतं. मी ते ज्या वेगानं ऐकतो ते शेजारी बसलेल्या डोळस माणसाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखं वाटतं, ही एक सोयच झाली. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं ॲप आहे, २०२० पासून. तेही बोलतं. म्हणजे आवाजाशिवाय माझा दिवस उगवत नाही आणि तरीही मी त्या आजींच्या बाजूचा आहे.

बँकेत मोबाइल मोठ्यानं शिल्लक वाचतो तेव्हा माझ्या मागच्या माणसाचा श्वास थांबतो, ते मला ऐकू येतं. म्हणून मी एका कानात इअरफोन घालतो. दुसरा कान जगासाठी. टाइप करताना पासवर्डाचं अक्षर टॉकबॅक मोठ्यानं उच्चारत नाही, नुसता "ठिपका" म्हणतो. कुणीतरी विचार करून ते केलंय.

तर मशीनला बोलू दे, पण आजींच्या कानात. जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर असतो ना, तो मशीनला लटकवा. उचलला की बोलेल, ठेवला की गप्प. इअरफोनसारखं कानात खुपसायचं नाही, ओल्या हातानं धरता येतो, आणि सत्तरीच्या माणसाला कसा धरायचा हे शिकवावं लागत नाही.

नाइटड्युटी

गोळ्यांची डबी! 👏

तोक्योकर

उशिरा येतोय, तरी जपानहून एक पुरवणी. इथे १९८९ साली शिंजुकु आणि शिबुया स्टेशनांवर गाडी सुटतानाची कर्कश घंटा काढून छोट्या सुरावटी आणल्या. आता बऱ्याच स्टेशनांना आपापली आहे, मी झोपेत असलो तरी माझ्या स्टेशनची ऐकून उठतो (डबलबेल काकांचा पेंगणारा प्रवासी मीच).

पण पांढरीकाठी यांच्या मुद्द्याला जुळणारं म्हणजे इथल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचा खटका. फोन सायलेंटवर असला तरी तो बंद होत नाही. चोरून फोटो काढू नयेत म्हणून कंपन्यांनी आपणहून तसं ठेवलंय. म्हणजे तो आवाज फोन धरणाऱ्यासाठी नाहीच, फोटोत येणाऱ्यासाठी आहे. आणि उलट टोक बघायचं तर स्वच्छतागृहात ओतोहिमे नावाचं यंत्र असतं, १९८८ पासून. बटण दाबलं की पाणी वाहिल्याचा खोटा आवाज. बायका लाजेपोटी खरंच पाणी सोडत राहायच्या, ते वाचावं म्हणून.

तीनशिट्ट्या

हे आमच्या ऑफिसात लावा कुणीतरी.

कृष्णाकाठ

रिसीव्हर चांगला आहे, पण माझी शंका तशीच आहे. कानात बोललं तर साक्षीदार कोण? सचिवानं वहीत पाच चार लिहिलं आणि आजींनी सहा चार ऐकलं, तर भांडण परत सुरू.

गवतीचहा (धागाकर्ता)

काका, नोंद मशीन करतं, सचिवाला हातानं आकडा बदलता येत नाही, आणि पावती निघते. पण तुमचं म्हणणं खरंय, गावाला पावतीपेक्षा कान खरा वाटतो. लिटर मोठ्यानं सांगावेत असं मनात आहे. किटली सगळ्यांनी पाहिलेलीच असते, त्यात लपवायचं काही नाही. आणि मापातली चोरी पकडली जाईल ती तिथेच.

साहेबांशी बोलतो. जमलं तर इथेच कळवीन.

संपादक मंडळ

मतदान यंत्रांवर सुरू झालेली उपचर्चा वेगळ्या धाग्यावर हलवली आहे. कृपया या धाग्याचं काश्मीर करू नये, विषयाला धरून लिहावं.

गवतीचहा (धागाकर्ता)

दोन महिने झाले, धागा वर काढतोय. त्याच संस्थेत जाऊन आलो.

आधी जे फसलं ते. रिसीव्हर पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले, काळे, जडशीळ. पहिल्याच दिवशी वायर आखूड पडली, उंच माणसाला वाकून उभं राहावं लागलं आणि रांगेत हशा. दोघा-तिघांनी रिसीव्हर उचलून "हॅलो" म्हटलं. एकानं तर "ठेवू का?" असंही विचारलं. वायर बदलली. हॅलो चालूच आहे.

पितळी ताट मात्र एकदम बसलं. रातराणी, आईच्या घरच्या परातीवर पळी मारून ते रेकॉर्ड केलं, तुमच्या सांगण्याप्रमाणे कापून छोटं केलं. आता नमुना झाला की एकच टण, म्हैस असो की गाय, चार फॅट असो की आठ. लिटर मोठ्यानं. फॅट पडद्यावर, पावतीवर आणि रिसीव्हरमध्ये. "पूर्णांक" काढून टाकलाय.

पंचकमिटीला हे फारसं रुचलेलं नाही. त्यांच्यातले तिघे अजून म्हणतात की सगळं मोठ्यानंच हवं, कृष्णाकाठ काकांचंच म्हणणं. पुढच्या सभेत विषय आहे. बायकांपैकी सभेला किती येतील ते बघायचं.

आजी आल्या होत्या. क्रमांक एकशे बेचाळीस, तीन लिटर नऊशे. टण झालं. त्यांनी पदरानं हात पुसला, रिसीव्हर उचलला, कानाला लावला, डोळे मिटले. मग त्यात म्हणाल्या, "परत सांग." तशी सोय आम्ही केली नव्हती. मी मागून बटण दाबून पुन्हा बोलायला लावलं. ऐकलं, सावकाश जागेवर ठेवला, रिकामी किटली उचलली आणि वळून रांगेकडे बघत मोठ्यानं म्हणाल्या, "सात दोन लागली रं! रेडकू तोडलं मी."

("तोडलं" म्हणजे दूध तोडलं हो. आता चारा खातंय.)

"परत सांग"चं बटण पुढच्या आवृत्तीत येतंय.